भांडी देऊन कपडे घेणारी बेबीआत्या

आख्खं पनवेल जुने कपडे देतं आणि भांडी घेतं. आमची बेबीआत्या भांडी देते आणि जुने कपडे घेते.

घाईत वाचलं असेल तर पुन्हा वाचा. आमच्या बिल्डिंगमध्ये नव्यानं राहायला आलेल्या माणसाला ही गोष्ट पटायला आख्खा उन्हाळा लागतो. सगळीकडे कसं असतं, बोहारीण "जुन्या कपड्यांवर भांडीयेऽऽ" करत येते, घरातली बाई नवऱ्याच्या चांगल्या चालत्याबोलत्या पँटी आणून तिच्यापुढे टाकते, आणि बदल्यात नुसता डबा मिळावा की डब्याबरोबर चमचाही मिळावा, यावर युद्ध पेटतं. आमच्या दुसऱ्या मजल्यावर तेच युद्ध, पण सैन्यं उलटी. बेबीआत्या आतून स्वतःचा चकचकीत डबा आणते, लीला बोहारणीचं गाठोडं जिन्यातच सोडायला लावते आणि त्यात खांद्यापर्यंत हात घालते.

"ह्या डब्यावर हे चार शर्ट दे."

"आत्या, डब्याला झाकण कुठंय?"

"मंग शर्टांना तरी बटनं कुठं हायत?"

हा व्यवहार पहिल्यांदा ऐकला तेव्हा लीला जिन्यातच बसली होती. तिच्या आजीच्या आजीपासून घरातली प्रत्येक बाई कपडे घेत आली, भांडी देत आली. धंद्याचा ओघच कुणी उलटा फिरवेल असं तिला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. माझ्या बायकोनं, नीतानं, तिला पाणी दिलं. तेही जपून, कारण पेला दिसला की लीलाचा हात आपोआप पाटीकडे जातो.

या नादात आत्याचं स्वयंपाकघर इतकं मोकळं झालंय की आत बोललं तर घुमतं. चहा आणि वरण ती एकाच पातेल्यात करते. वेगवेगळ्या वेळी. निदान आम्ही तसं धरून चालतो.

आता तुम्हाला वाटेल, बाई गरीब असेल. अहो, आमची बिल्डिंग उभी आहे तीच तिच्या सासऱ्याच्या शेतात! बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात फ्लॅट दिले, एकात ती राहते, बाकीच्यांत भाडेकरू. नवरा गेला, मूलबाळ नाही. बिल्डिंगमध्ये कुणी फार तोरा दाखवायला लागलं की ती शांतपणे त्याच्या घराचा इतिहास सांगते. आमचे सेक्रेटरी एकदा मीटिंगमध्ये आपल्या नव्या इटालियन मार्बलबद्दल बोलत सुटले होते. आत्या म्हणाली, "तुमच्या हॉलमदी ना, आमची म्हस बांदायचो. लय गुनी म्हस." त्या दिवसापासून सेक्रेटरींच्या हॉलमध्ये बसलं की मला चाऱ्याचा वास येतो.

बेबीआत्याची आणि माझी खरी ओळख झाली ती माझ्या पँटीमुळे. चॉकलेटी रंगाची, कॉलेजपासूनची, माझ्या देहाचे सगळे चढउतार पाहिलेली पँट होती ती. एक दिवस कपाटात नव्हती आणि ओट्यावर इडलीपात्र होतं. मी काय समजायचं ते समजलो. संध्याकाळी जिना चढतोय, तर पुढे आत्या, खांद्याला झोळी, आणि झोळीवर माझा मागचा खिसा! शाईच्या डागासकट. आयुष्यभर मी त्या खिशावर बसलो, आणि आता तो माझ्याकडे टक लावून बघत वर चालला होता.

"आत्या, ही माझी पँट आहे."

"व्हती," ती न थांबता म्हणाली. "आता पिशवी हाय. पँट म्हनून तिचं तुझ्याबरोबर हाल चालले व्हते रे, सुन्या. आता बघ कशी सुखात हाय."

तिचं शिवणाचं पायमशीन खिडकीशी आहे. ते सुरू झालं की माझ्या ओट्यावरच्या चहात लाटा येतात. इकडे विमानतळ होणार, विमानांच्या आवाजाचं कसं होणार, म्हणून लोक मोर्चे काढायच्या गोष्टी करत होते तेव्हा आमची बिल्डिंग निवांत होती. आम्हाला सराव होता. त्या मशीनवर तिनं काय काय उलटंपालटं केलं नाही! चादरीचे झगे, झग्यांच्या उशा, तीन शर्टांचा मिळून एक असा शर्ट, की ज्यात तिन्ही मूळ मालक एकमेकांना ओळखतील. निवडणूक संपल्यावर तिनं बॅनर उतरवून आणले आणि सगळ्यांच्या स्कूटरांना पावसाळी कव्हरं शिवून दिली. माझ्या स्कूटरवर पुढून एक उमेदवार हात जोडायचा, मागून त्याचा विरोधक. पार्किंगमध्ये लोक माझ्या स्कूटरला आघाडीचं सरकार म्हणायचे.

आणि खिसे! बाईला खिशाचं वेड आहे. तिच्या हाताखालून गेलेल्या वस्तूला खिसा फुटतोच. उशीच्या अभ्र्याला खिसा, परकराला खिसा, खिडकीच्या पडद्याला खिसा. माझ्या पायजम्याला तिनं इतके खिसे लावलेत की घरात किल्ली हरवली की आधी माझी झडती होते.

माणसंसुद्धा ती कापडासारखीच बघते. आमच्या वरच्या मजल्यावर एक फार गोड बोलणारे गृहस्थ आले, तेव्हा नीतानं विचारलं, "कसे वाटतात हो आत्या?" आत्यानं त्यांना जिन्यात एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "कापर बरं हाय. पन अस्तर नाय." पुढच्या महिन्यात ते गृहस्थ सगळ्या बिल्डिंगकडून काही ना काही उसनं नेऊन गायब झाले. लवकर तुटणाऱ्या मैत्रीला ती 'कच्चा टाका' म्हणते. आणि माझ्याबद्दल तिचं मत, तेही माझ्या बायकोच्या तोंडावर, "सुन्या बरा हाय. पन्हा जरा कमी हाय." पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. माझ्या देहाकडे बघून असं म्हणणारी ती जगातली एकटीच बाई असल्यामुळे मी ती स्तुती समजतो.

तर अशा या बेबीआत्याला एक भाऊ आहे. मोठा भाऊ, खारघरच्या बेलपाड्याला राहतो. ती त्याला दादूस म्हणते, म्हणून आम्हीही दादूसच म्हणतो. खारघर नव्हतं तेव्हापासून बेलपाडा आहे आणि बेलपाडा आहे तेव्हापासून दादूस आहे, असं त्याच्याकडे बघून वाटायचं. काय देह! आधी पोट यायचं, मग गळ्यातली साखळी यायची, आणि चहापाणी होईस्तोवर मागून दादूस यायचा. त्याचा एक शर्ट वाळत घातला की शेजारच्यांना दिवा लावावा लागायचा.

या भावाबहिणीचं भांडण झालं ते हळदीला. दादूसच्या मुलाचं लग्न होतं. आमच्या भागात लग्नाला एक वेळ नाही गेलात तरी चालेल, हळदीला नाही गेलात तर तुम्ही मेलात. आणि हळदीला घरच्या सगळ्या बायकांना एकसारखी साडी, हा रिवाज. दादूसनं गठ्ठ्यानं साड्या आणल्या. पोपटी, त्याला गुलाबी काठ. त्याच्या बायकोला, सुनांना, चुलत-मावस बहिणींना, झाडून सगळ्यांना वाटल्या. पहिली साडी अर्थात सख्ख्या बहिणीला, स्वतः पनवेलला येऊन, हळदकुंकू लावून.

आत्यानं आमची सगळी बिल्डिंग हळदीला नेली होती. आम्ही मांडवात शिरलो तर समोर भाताचं शेत डोलतंय! जिकडे बघावं तिकडे पोपटी. कुठली मामी आणि कुठली काकी काही उमगायला मार्ग नव्हता. एका आजोबांनी तर स्वतःची बायको समजून दुसऱ्याच आजींकडे गोळी मागितली, आणि त्यांनी दिलीसुद्धा.

आणि मग आमची आत्या आली. तीच साडी, पण साडी कुठली! गळ्याशी गुलाबी काठ, कमरेपासून खाली हा एवढा घेर, गिरकी घेतली की आजूबाजूच्या खुर्च्या सरकाव्यात असा लांब झगा शिवला होता तिनं. आणि दोन खिसे. एका खिशातून तिनं मोबाइल काढला, दुसऱ्यातून मूठभर शेंगदाणे, आणि खात उभी राहिली. सगळ्या पोरी नवरदेवाला सोडून तिच्याभोवती. "आत्या, मनापन शिव!" "आत्या, माझी पन कापून दे!" तीन सुना तर तिथल्या तिथे पदर पुढे करून उभ्या.

दादूस गर्दी फाडत आला.

"ही मी दिलेली साडी?"

"तुझीच की! बघ ना कशी झालीय." आत्यानं आनंदानं एक गिरकी मारली.

"भावानं शुभकार्याला दिलेल्या साडीला कातर लावलीस? माझ्या पोराच्या हलदीत?"

आता हे मला, तुम्हाला, कुणालाही सांगता आलं असतं की भावानं मानानं दिलेली साडी नेसायची असते, जपायची असते, पार विरली तर तिची गोधडी करायची असते, पण नवीकोरी कापायची नसते. आत्यालाही माहीत होतं. फक्त मशीनवर बसल्यावर तिला काही आठवत नाही. तिला साडी आवडली होती हो, हाच घोटाळा. आवडलं की ती कापते.

"घेर तरी बघ, दादूस," ती म्हणाली.

"आजपासून तू आनि तुझी कातर. माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाय."

नेमका त्याच क्षणी डीजेवाला एक गाणं संपवून दुसरं लावत होता. मांडवात अशी शांतता, की शेंगदाण्याची सालं जमिनीवर पडलेली ऐकू आली. आत्यानं खिशात मोबाइल ठेवला आणि तो घेर सावरत चालायला लागली. आम्ही सगळे मागून. रिक्षात पनवेल येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली.

"त्याला घेर कलला नाय."

त्यानंतर जाणं नाही, येणं नाही. भाऊबीजेला ती दार लावून मशीन चालवत बसायची, आणि आमच्या चहात लाटा.

पण लीलाचा फेरा दर आठवड्याला बेलपाड्यालाही असायचा. भांडणानंतर आत्यानं तिला सांगून ठेवलं होतं, दादूसच्या घरचं गाठोडं आधी माझ्याकडे. वहिनी नवऱ्याचे जुने कपडे टाकायची, लीला ते इकडे आणायची, आणि आत्या त्यावर कधी घासाघीस करायची नाही. बाकीच्यांच्या शर्टाला झाकण नसलेला डबा, दादूसच्या शर्टाला झाकणासकट, वर वाटीही. मला वाटलं, कापड जास्त म्हणून भाव जास्त. पण तो तंबूएवढा माल तिनं कधी कापलेला मी बघितला नाही. धुवायची, इस्त्री करायची, आणि कपाटात ठेवायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, याच्यात एक आख्खी बालवाडी शिवून निघेल." तर मला कातर दाखवली.

"त्याच्या एका साडीला लावली ती बास झाली."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एक पँट आली. आत्यानं उलटी केली, कंबरेशी बोट फिरवलं आणि थांबली.

"सुन्या, इकरं ये. ही शिवन बघ."

मला शिवण आणि सतरंजी यातला फरक कळत नाही. मी गंभीरपणे बघितलं.

"मागची शिवन उसवून कंबर आत घेतलीय. हातानं. वयनीचे टाके हायत हे, वाकरे. आनि एकदा नाय घेतली. ही बघ, ही जुनी रेघ, ही त्याच्या आत, ही अजून आत." तिनं पँट मांडीवर ठेवली. "तो बारीक होतोय."

"चांगलंच की. डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात."

"दादूस डाक्तरचं ऐकल? अरे तो देवाचं ऐकत नाय."

पुढच्या फेरीला लीला आली ती वाकून. गाठोडं इतकं मोठं की आधी मला वाटलं ते तिला घेऊन आलंय. सोडलं तर आत सगळ्याच्या सगळ्या पँटी. काही तर नव्या, इस्त्रीची घडी न मोडलेल्या. लीला खूश होती. "वहिनी बोलली, सगळं घेऊन जा, बदल्यात एक मोठं पातेलं दे, पेजेचं."

आत्या कपड्यांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "फाटली की मानूस एक पँट देतो. सगल्या कवा देतो?"

लीलानंच सांगितलं मग. शेठचं मोठं ऑपरेशन झालं. घरी आणलंय. ओट्यावर खुर्ची टाकून बसतो, आवाज तोच आहे, शिव्या त्याच आहेत. "पण आत्या, शेठ नाही राहिला तो. शेठचा हँगर राहिलाय."

मी म्हटलं, आत्ता चला, मी स्कूटर काढतो. नीता म्हणाली, निदान फोन करा. आत्यानं दोघांना गप्प केलं.

"पाय ठेवू नको सांगितलंय त्यानी. सगल्या गावासमोर. त्यानी बोलावल्याबिगर गेले आनि त्यानी तोंड फिरवलं तर? मंग पुन्हा जायला जागाच नाय राहनार." मग एका पँटीची घडी घालत, "आनि तो घरात लुंगीवर बसला असंल. ओट्यावर. सगलं गाव बघतंय. पँटीबिगर दादूस कवा कुनाला दिसला नाय रे."

त्या दुपारी तिनं कातर उचलली. मी समोर होतो म्हणून सांगतो, ज्या बाईनं कोरी करकरीत साडी डोळ्याचं पातं न लवता उभी कापली, तिनं पँटीवर खडूची रेघ तीनदा मारली आणि तीनदा पुसली. "एका साडीला कातर लावली तर यवरं झालं," ती पुटपुटली. "आता तर न इचारता त्याच्या पँटीच कापते." आणि कापली. मग दुसरी. मग मशीन सुरू झालं ते दोन दिवस बंदच झालं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाळाला त्या आवाजाची इतकी सवय झाली की मशीन थांबल्यावर ते रडायला लागलं.

माप कुठलं घेतलं? तर त्या शेवटच्या वाकड्या शिवणीचं. वहिनीनं जिथं टाके घातले होते, त्याच्या थोडं आत, अंदाजानं.

पँटी तयार झाल्या आणि लीलाची खरी पंचाईत झाली. बोहारणीनं कपडे परत नेऊन द्यायचे! तिच्या धंद्याचा ओघ आत्यानं एकदा उलटा फिरवला होताच, आता तो परत नळात घुसवायला निघाली होती. लीला नाही नाही म्हणाली, मग कढई बघितली, मग हो म्हणाली. बेलपाड्याला जाऊन तिनं काय सांगितलं ते तिच्याच तोंडून ऐका.

"मी बोलले, वहिनी, एवढ्या मोठ्या मापाला बाजारात गिऱ्हाईक नाही. म्हणून माल कमी करून घेतला. पहिला तुम्हालाच दाखवते. वहिनीनं एक पँट घेतली, बघितली, आत घेऊन गेली. मी बाहेर उभी. मग येऊन बोलली, सगळ्या ठेव. काय पाहिजे बदल्यात? मी काय मागणार? मी बोलले, काही नको. आत्या, माझ्या जन्मात मी पहिल्यांदा 'काही नको' बोलले. घरी जाऊन मला ताप आला."

आत्यानं तिला चहा दिला. वरणाच्या पातेल्यात केलेला, पण दिला.

पुढच्या फेरीला लीला आली ती त्या सगळ्या पँटी घेऊनच. तेच गाठोडं. खाली ठेवलं आणि लीला माझ्याकडे बघायला लागली, मी नीताकडे, नीता जमिनीकडे. आत्या मशीनवरून उठली नाही.

"नको बोलला?"

"नाही, नाही. शेठनं निरोप दिलाय." लीलानं घसा साफ केला आणि दादूसच्या आवाजात म्हणाली, "'शिंपिनीला सांग, कंबर बरोबर हाय. पाय आखूर झालाय.'"

मशीनची सुई अर्ध्यावर थांबली.

"तू त्याला शिंपीन कोन ते सांगितलंस?"

"आईशप्पथ नाही. मी बाजार बोलले, माल बोलले, शिंपिणीचं नावसुद्धा काढलं नाही."

"मंग त्याला कसं कललं?"

लीलानं आमच्याकडे असं बघितलं, जसं काही या बिल्डिंगमध्ये शिकलेलं कुणीच राहत नाही. "कसं नाही कळणार, आत्या? तुम्ही मला भांडी देता, मी ती भांडी बेलपाड्याला देते. त्यांच्या घरात डबे तुमचे, ताटं तुमची, कढई तुमची. मला वाचता येत नाही, पण वहिनी बोलली, सगळ्यांवर तुमचं नाव आहे."

आमच्याकडे लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालतात हो! यंत्राची टोकदार सुई फिरवून, कायमचं. कुणी दिलं, कुणाला दिलं, सगळं. आम्हा तिघांच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आत्यानं दादूसचे शर्ट घेऊन मोबदल्यात आपला संसार लीलाला दिला, लीलानं दादूसच्याच घरचे कपडे घेऊन तो संसार त्याच्या घरी नेऊन दिला. आणि तो, भांडण झाल्यापासून, रोज दोन्ही वेळा 'चि. बेबीस दादूसकडून' असं लिहिलेल्या ताटात जेवत होता. स्वतःच दिलेल्या ताटात. वहिनी त्याला काही बोलली नाही, त्यानं वहिनीला काही विचारलं नाही, ताट मागं सारलं नाही.

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं आता ही रडणार, म्हणून मी पदराच्या शोधात नीताकडे बघितलं. पण आमची आत्या ती!

"पाय आखूर?" ती कडाडली. "माझा? माझ्या हातचा पाय आखूर?" तिनं एक पँट झडपली, टेप लावली, दुसरी घेतली, टेप लावली. मग कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. पोट!"

मला काही कळलं नाही. तिनं माझीच पँट धरून मला समजावलं. मोठं पोट असतं तेव्हा माणूस पँट पोटाखाली घालतो. पोट गेलं की पँट जागेवर, वर चढते. वर चढली की खाली पाय उघडे. कंबर कमी करताना तिनं लांबी तीच ठेवली होती, कारण तिच्या डोळ्यांपुढे दादूस होता तो पोटासकटच होता.

"आत माया सोडलीय मी, जादा कापर दुमडून, सोडता येईल," ती म्हणाली. आणि सोडायला कातर उचलली, आणि खाली ठेवली. चेहऱ्यावर एक लबाड हसू आलं. "लीले, सांग त्याला. अंदाजानं शिवलेली पँट ही अशीच व्हनार. नीट पायजे तर आंग घेऊन ये. माप दे. शिंपीन कुनाच्या घरी जात नाय."

निरोप आणि एक पँट घेऊन लीला गेली आणि मग जे काही सुरू झालं ते विचारू नका. आत्यानं मशीनला इतकं तेल घातलं की त्यात भजी तळता आली असती. सोफ्यावरचे कपडे उचलले. सोफा आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं. नीताकडून एक पातेलं मागून नेलं. "दोन पातेली लागतील," एवढंच म्हणाली. कॉलनीत गाडीचा हॉर्न वाजला की ती खिडकीत, आणि गाडी दुसऱ्याची निघाली की त्या ड्रायव्हरच्या खानदानाचा उद्धार.

रविवारी सकाळी मी तिच्याकडे दोरा ओवून द्यायला बसलो होतो, तेव्हा लिफ्टचं दार उघडलं. आधी लीला बाहेर आली, डोक्यावर पाटी, मागून दादूस.

आतापर्यंत मी तुम्हाला पुष्कळ वाढवून सांगितलं. या माणसाबद्दल काही वाढवून सांगता येत नव्हतं. शर्ट जुनाच होता आणि तो त्याच्या भोवती होता. पायात पँट, घोट्याच्या वर. एक हात भिंतीला. आत्या दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. दोघांनी एकमेकांना बघितलं.

"पाय बघ," तो म्हणाला. "आखूर हाय का नाय?"

"हाय," ती म्हणाली.

"मंग माप घे."

तो आत आला, हॉलच्या मधोमध उभा राहिला. मी खुर्ची पुढे केली, त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. माप देताना बसायचं नसतं. आत्यानं गळ्यातली टेप काढली. आधी पाय, गुडघ्यावर बसून. मग कंबर. मग उठून मागून हात घालून छातीचं माप घ्यायला लागली. टेपचं टोक इतकं पुढे आलं, की तिला ते पुन्हा मागे घ्यावं लागलं. तिच्या नजरेतून अर्ध्या बोटाचा फरकही सुटत नाही. ती आकड्याकडे बघत राहिली. आवाज ऐकून आलेली नीता दारातच थांबली होती, लीलानं पाटी डोक्यावरून उतरवली नव्हती.

"किती?" दादूस म्हणाला.

आत्यानं टेप मुठीत गोळा केली.

"व्हतास तवराच हायस."

"मंग कपरं ढिलं कशानं झालं?"

"कपरं वाढतं, दादूस," ती म्हणाली. "धुऊन धुऊन वाढतं. तुला त्यातलं काय कलतंय? हात वर कर."

त्यानं दोन्ही हात वर केले.